मदतीचं बटण

श्रावण लागला की आमच्या गावात हल्ली दोन कामांची लगबग दिसते. एक गणपतीच्या माटवीची आणि दुसरी मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीची. पहिलं काम सगळ्यांना येतं. दुसरं कुणालाच धड येत नाही, म्हणून मंडळी चष्मा, सातबारा आणि मुलाचा जुना मोबाइल घेऊन माझ्या पडवीत येऊन बसतात. मास्तर निवृत्त झाला तरी गावाच्या लेखी निवृत्त होत नाही!

त्या ॲपमध्ये 'मदत' असं लिहिलेलं एक बटण आहे. दोन वर्षं मी लोकांची पीक पाहणी करून देत होतो, पण त्या बटणावर बोट ठेवायचं मला कधी सुचलं नाही. मीच मदत करणारा, मला कसली मदत! पुढे एक घोटाळा झाला आणि मग मी ते बटण उघडलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. एखादी वस्तू कशी वापरायची हे माणसाने कुठून शिकायचं? शेजाऱ्याकडून, पुस्तकातून, की त्या वस्तूतूनच? ह्याला मोठा इतिहास आहे. मला ठाऊक आहे तेवढा आज लिहितो. घोटाळाही सांगणार आहे, पण शेवटी.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू. सातबारा हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो दोन आकड्यांचा समास आहे हे विसरूनच जातो. तलाठ्याच्या दप्तरात गावाच्या हिशेबाचे नमुने असतात, एक ते एकवीस. त्यातला सातवा नमुना जमीन कुणाची हे सांगतो आणि बारावा नमुना त्या जमिनीत काय पिकलं ते सांगतो. हे दोन एका कागदावर आले आणि त्याला लोकांनी सातबारा म्हटलं. सहावा नमुना फेरफाराचा, आठ-अ खात्याचा.

आता हे एकवीस नमुने कसे भरायचे, कुठल्या रकान्यात काय लिहायचं, कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे सगळं लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात तयार झालं. अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याचं ते पुस्तक. महसूल खात्यात त्याला 'अँडरसन मॅन्युअल' म्हणूनच ओळखतात. इंग्रज गेला, १९६६ चा जमीन महसूल कायदा आला, एकर-गुंठ्याचे हेक्टर-आर झाले, तरी ते नाव टिकून राहिलं. (गुंठा आणि आर ह्यांत फरक जेमतेम एक चौरस मीटरचा, त्यामुळे आमच्या म्हाताऱ्या माणसांनी 'आर' हा शब्द कधी मनावर घेतलाच नाही. गुंठे ते गुंठेच.)

सांगायचं असं की मदत होती. चांगली सविस्तर होती. पण ती कुणाजवळ होती? कागद शेतकऱ्याच्या हातात आणि कागद वाचायचं पुस्तक कचेरीत. त्याहून जुने दस्त मोडीत, तेव्हा ते वाचायलाही माणूस शोधावा लागे. माझ्या लहानपणी वडील सातबारा देवघरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवत. त्यांना वाचता येत असे, पण बाराव्या नमुन्यातले रकाने त्यांनाही कळत नसत. काही अडलं की ते तलाठ्याकडे जात, आणि जाताना हातात नारळांची जोडी असे. ती लाच नव्हती. आपल्याला कळत नाही आणि त्याला कळतं, एवढ्या अंतराचा तो मान होता.

पीक पाहणी तलाठ्याने हंगामात शेतावर जाऊन करायची असा नियम. पण एका सजेत गावं किती, आणि आमच्या कोकणात एकेका सर्व्हे नंबराचे हिस्से किती! डोंगर उतारावर पायरी-पायरीची जमीन, एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. प्रत्येक हिश्श्यावर उभं राहून पीक बघणं एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. मग पुष्कळदा गेल्या वर्षी होतं तेच ह्या वर्षी उतरायचं. भात म्हणजे भात, पड म्हणजे पड. मधल्या काळात कुणी काजू लावली, ती धरती झाली, तरी कागदावर गवतच!

आता थोडं विषयांतर करतो, पण ते विषयाला धरूनच आहे.

आमच्या घरी पंचांग यायचं. पंचांगाच्या पहिल्या पानांवर ते कसं पाहावं हे दिलेलं असे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, मग घटका-पळं, मग संक्षेपांची यादी. म्हणजे तिथेही मदत वस्तूच्या आतच होती! पण ती होती पहिल्या पानावर आणि प्रश्न पडायचा चाळिसाव्या पानावर. आई विचारायची, "संकष्टीचा चंद्र किती वाजता?" आणि त्याला उत्तर म्हणून घरात भटजींची वाट बघितली जायची.

१९७३ साली 'कालनिर्णय' आलं. जयंतराव साळगावकर हे आमच्या मालवणचे, १९२९ सालचा त्यांचा जन्म. 'कालनिर्णय'चं कौतुक करणारे बहुतेक लोक त्याच्या मागच्या पानांवरच्या लेखांबद्दल आणि पाककृतींबद्दल बोलतात. मला मात्र मास्तर म्हणून त्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. साळगावकरांनी पंचांगातलं उत्तर उचलून तारखेच्या चौकोनात आणून ठेवलं. ज्या दिवशी संकष्टी, त्याच दिवसाच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ, आणि तीही घटकांत नव्हे तर घड्याळाच्या तासांत. आईला पंचांग 'पाहायला' शिकावं लागलं नाही. तिने भिंतीकडे पाहिलं आणि तिला कळलं.

भिंतीवरच्या त्या एका कागदाने घरातल्या बाईला भटजीवर अवलंबून राहण्यातून किती मोकळं केलं ह्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पण मी माझ्या घरात ते पाहिलं आहे. भटजी येतच राहिले, चहाही घेत राहिले, पण आता ते पाहुणे म्हणून यायचे.

आमच्या किनाऱ्यावर ह्याच्या पुढची एक पायरी आहे. चौकोनात तिथी असते, भरती-ओहोटी नसते. पण तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा अंदाज येतो, हा हिशेब पुष्कळांना तोंडपाठ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हे कुठल्या पानावर छापलेलं नव्हतं, बापाने मुलाला होडीत बसवून सांगितलेलं होतं. तेव्हा छापील मदत आणि माणसाची मदत अशा दोन्ही बाजू आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. कुठली कुठे लागते एवढाच प्रश्न.

आता संगणकाकडे वळू. माझी आणि त्याची ओळख उशिरा झाली. राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. शिकवणारा मुलगा माझाच माजी विद्यार्थी! त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "गुरुजी, अडलं तर एफ-वन दाबा." मी दाबला. इंग्रजीत पानंच्या पानं उघडली. मी ती बंद केली आणि त्याला हाक मारली. त्या वर्गात आम्ही सगळे पन्नाशीचे विद्यार्थी हेच करत होतो. एफ-वन दाबायचा, घाबरायचं, हाक मारायची.

नंतर थोडं वाचल्यावर कळलं की हा आमचा बावळटपणा नव्हता. जगभर हेच चाललं होतं. १९७१ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये थॉम्प्सन आणि रिची ह्यांनी आपल्या युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका काढली. पुढे एक आज्ञा दिली की त्याच पुस्तिकेचं पान पडद्यावर उमटू लागलं. पुस्तक यंत्राच्या पोटात गेलं. ही मोठीच गोष्ट होती, पण ती जाणकारांनी जाणकारांसाठी केलेली. प्रश्न नीट विचारता येणाऱ्यालाच उत्तर मिळायचं.

१९७८ साली वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्राम आला. त्यात एक सुंदर सोय होती असं वाचलं आणि मला आतून आनंद झाला. लिहिताना पडद्याच्या वरच्या भागात सगळ्या आज्ञांची यादी सतत दिसायची, आणि ही मदत किती दिसावी ह्याच्या चार पातळ्या होत्या. नवशिक्याने सगळी यादी उघडी ठेवायची, हात बसला की एकेक पायरी कमी करायची, आणि शेवटी पडदा सगळा आपल्या लिखाणासाठी मोकळा. अहो, हेच तर शिकवणं! पोराच्या हाताला धरून अक्षर गिरवायचं, मग हात सोडायचा, मग नुसतं बाजूला उभं राहायचं, मग तिथून निघून जायचं. शेवटची पायरी सगळ्यात अवघड. मला ती चाळीस वर्षांत पूर्ण जमली असं म्हणवत नाही.

ह्याच्या उलट उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टची ती कागदाची टाचणी. ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी एक टाचणी पडद्याच्या कोपऱ्यात यायची. पत्र लिहायला घेतलं की ही टपकली, 'पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का?' आमच्या वर्गात सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली, आठवड्याने राग येऊ लागला. तिकडेही तसंच झालं. २००१ च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवून दिली आणि २००७ मध्ये काढूनच टाकली. न विचारता मदत करणारा पाहुणा कुणाला आवडतो? आणि तिला कालची आठवण नसायची. तुम्ही शंभरावं पत्र लिहीत असलात तरी तिच्या लेखी पहिलंच.

ह्या सगळ्यावर जॉन कॅरल नावाच्या संशोधकाने आयबीएममध्ये असताना काम केलं. कचेरीत काम करणारी माणसं संगणकावर लिहायला कशी शिकतात हे तो शेजारी बसून पाहत असे. त्याला दिसलं की माणसं पुस्तिका वाचत नाहीत. ती सरळ कामाला हात घालतात, चुकतात, अडकतात आणि मग पानं उलटतात. १९८७ साली त्याने आणि मेरी बेथ रॉसन ह्यांनी ह्याला नाव दिलं, त्याचा मराठीत अर्थ 'उत्साही माणसाचा विरोधाभास' असा होईल. थोडं वाचलं तर पुढचे शंभर तास वाचतील हे माणसाला कळतं, पण त्याला आत्ताचं पत्र आत्ता संपवायचं असतं. मग कॅरलने जाडी पुस्तकं बाजूला ठेवून अगदी आटोपशीर पुस्तिका केल्या. त्यांत काम आधी आणि समजावणं थोडं, आणि मुख्य म्हणजे चूक झाली तर कसं सावरायचं हे त्या जागीच सांगितलेलं. त्याच्या १९९० च्या पुस्तकाच्या नावात 'न्यूर्नबर्गचं नरसाळं' आहे. जर्मनीतली जुनी कल्पना, डोक्यात नरसाळं लावून ज्ञान ओतायचं! आपल्याकडच्या पुष्कळ वर्गांत हे नरसाळं मी स्वतः वापरलेलं आहे.

पुढे इंटरनेट आलं आणि पुस्तिकेचा प्रश्न आणखी बिकट झाला. पूर्वी प्रोग्राम डब्यातून यायचा, सोबत पुस्तक असायचं. आता कामं वेबवरच करायची आणि ती पानं रातोरात बदलतात. पुस्तक छापून होईपर्यंत बटण इकडचं तिकडे गेलेलं. म्हणून मदत कामाच्या पानावरच आली. रकान्याशेजारी प्रश्नचिन्ह, त्यावर बोट नेलं की दोन ओळी, पहिल्यांदा आलेल्याला 'हे इथे आहे, ते तिथे आहे' असं फिरवून आणणं, आणि रकान्यातच फिकट अक्षरांत नमुना. ह्या फिकट अक्षरांबद्दल माझी एक तक्रार आहे. आपण लिहायला लागलो की ती नाहीशी होतात! तारीख आधी की महिना आधी, हे अर्ध्यावर आल्यावर आठवेनासं होतं, आणि सांगणारी ओळ गेलेली असते. फळ्यावरचं उदाहरण पोरांनी उतरवायला घेतल्याबरोबर मास्तरांनी पुसून टाकावं, तसंच हे.

मराठी माणसाला अशी आतली मदत प्रथम कुठे भेटली, असं विचारलं तर मी देवनागरी लिहिण्याच्या चौकटीचं नाव घेईन. मायबोली १९९६ पासूनची, मनोगत २००४ चं, आणि ओंकार जोशी ह्यांचं 'गमभन' हे टंकलेखनाचं साधन. 'क' साठी कुठली इंग्रजी कळ, 'ख' साठी कुठली, ह्याचा तक्ता लिहायच्या जागेपाशीच मिळायचा. मला 'ज्ञ' आणि 'ऱ्य' ह्यांनी फार छळलं. पण तक्ता समोर, चुकलं तर लगेच दिसायचं, खोडून पुन्हा लिहायचं. २००८ साली भाच्याने मला हा ब्लॉग काढून दिला तेव्हा त्याने मला काहीही शिकवलं नाही. नुसता तक्ता दाखवला आणि मुंबईला निघून गेला. पहिला परिच्छेद लिहायला सबंध दुपार गेली, पण तो माझा मी लिहिला. त्या संध्याकाळी मी सौ.ना हाक मारून तो दोनदा वाचून दाखवला होता.

आता पुन्हा सातबाऱ्याकडे.

१ मे २०१८ पासून डिजिटल सही असलेला सातबारा मिळू लागला, घरबसल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुनाच सुधारला. खाते क्रमांक नावाबरोबर आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली, प्रलंबित फेरफार दिसू लागले. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर तर, ह्या जमिनीला बारावा नमुना लागत नाही, अशी सरळ सूचनाच खाली छापली जाऊ लागली. पूर्वी हे विचारायला माणूस कचेरीत जायचा. कागद स्वतःबद्दल बोलू लागला, असं मला ते पाहून वाटलं.

आणि १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. म्हणजे काय झालं ते नीट लक्षात घ्या. जो बारावा नमुना शंभर वर्षं सरकारी माणसाने लिहिला, तो आता शेतकऱ्याने स्वतः लिहायचा. आपल्या शेतात उभं राहायचं, पीक निवडायचं, क्षेत्र टाकायचं, फोटो काढायचा. एवढा मोठा अधिकार हातात आला, पण अँडरसनचं ते जाडं पुस्तक काही हातात आलं नाही. ती सगळी समज आता पाच-सहा इंचाच्या काचेत मावायला हवी होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात ते 'मदत' बटण आलं, नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. आणखी एक सोय आली, आपली नोंद चुकली तर अठ्ठेचाळीस तासांत आपणच दुरुस्त करायची.

आता तो घोटाळा.

२०२२ च्या खरिपात शेजारच्या वयनी आल्या. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला, जमिनीचे दोन हिस्से. वरच्या हिश्श्यात काजू, खालचा मळा त्या वर्षी माणसं न मिळाल्यामुळे ओस. वयनी चौथी शिकलेल्या, पण वाचतात. त्यांनी ॲप उघडून मोबाइल माझ्यापुढे धरला.

"गुरुजी, ह्या 'निर्भेळ पीक' म्हंजे काय ओ? माका समजणा नाय."

मी सांगायला हवं होतं की निर्भेळ म्हणजे एकच पीक, आणि आंबा-काजू-कोकम एकत्र असेल तर मिश्र. एक मिनिटाचं काम. पण पडवीत आणखी चौघं बसलेली, वरून पाऊस. मी म्हटलं, "वयनी, तुम्ही बसा. मी करून देतो." गेली चाळीस वर्षं मी हेच वाक्य बोलत आलो आहे. मनीऑर्डर, रेशनकार्डाचा अर्ज, बँकेची स्लिप. "आणा इकडे, मी लिहितो." गावात मला मान आहे, त्यातला बराचसा ह्या वाक्यावर उभा आहे.

पाऊस थांबल्यावर आम्ही जमिनीवर गेलो. दोन हिश्श्यांच्या मधल्या बांधावर उभं राहून मी फोटो काढले, रकाने भरले. शेवटी ॲप सगळी माहिती एकत्र दाखवतं, हिस्सा क्रमांकासकट, आणि ही बरोबर असल्याची खूण करायला सांगतं. मी ते वाचलं नाही. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या पोरांना ज्याने आयुष्यभर ओरडा दिला, त्याने न वाचता खूण केली. नेटवर्क नव्हतं, नोंद घरी येऊन पाठवली. वयनींनी पेरूच्या फोडी दिल्या, मी खाल्ल्या.

पाचव्या दिवशी वयनींची नात मुंबईहून आली. आठवीतली पोर. तिने आजीच्या मोबाइलवर नोंद उघडून वाचली. वरच्या हिश्श्याला 'चालू पड'. काजूची नोंद खालच्या ओस मळ्यावर!

वयनी पडवीत आल्या. रागावल्या नाहीत. त्यांना कळतच नव्हतं काय झालं ते.

"चालू पड म्हंजे काय ओ गुरुजी? माजी काजी उभी हत. पडली खय?"

मी शब्दाचा अर्थ सांगितला, जो पाच दिवस आधी सांगायला हवा होता. मग घाईघाईने पहिल्यांदा 'मदत' उघडली. तिथे दुरुस्तीचं लिहिलेलं होतं. अठ्ठेचाळीस तास. ते केव्हाच उलटून गेले होते. त्या हंगामाची नोंद तशीच राहिली. विमा म्हणा, नुकसानभरपाई म्हणा, पीककर्ज म्हणा, हल्ली आधी ही नोंद विचारतात. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्याची काय दशा केली होती ते सगळ्यांना आठवत होतं. त्या वर्षी पुन्हा वादळ झालं असतं तर वयनींची उभी काजू कागदावर गवत ठरली असती, आणि ती मी ठरवली असती. तसं काही झालं नाही हे नशीब. पण सहा महिने वारा सुटला की मला झोप लागत नसे.

ह्यावर मी पुष्कळ विचार केला. ॲपचा दोष किती, माझा किती? 'निर्भेळ', 'चालू पड', 'पोटखराब' हे शब्द दप्तरातून तसेच उचलून काचेवर आले आहेत, आणि आमच्याकडे सर्व्हे-हिस्सा म्हणायची सवय असताना तिथे गट क्रमांक विचारतात, हे खरं. शब्द जिथे अडवतो तिथेच त्याचा अर्थ असता तर वयनींना माझ्याकडे यावंच लागलं नसतं. साळगावकरांनी पन्नास वर्षांपूर्वी चौकोनात करून दाखवलं ते हेच. पण ते शेवटचं पान तर होतं, अगदी योग्य जागी, अगदी योग्य वेळी, सगळं स्पष्ट लिहून. ज्याची जमीन, ती वाचू शकणारी बाई माझ्या शेजारी उभी होती. मोबाइल माझ्या हातात होता. त्यात लिहिलेली मदत तिच्यापर्यंत पोचू दिली नाही ती मीच.

पुढच्या वर्षीपासून पडवीचा नियम बदलला. मोबाइल ज्याचा, बोट त्याचं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून बसतो. (सौ. म्हणतात, असे शहाण्यासारखे बसलेले तुम्ही पहिल्यांदाच दिसता.) शेवटचं पान ज्याने त्याने मोठ्याने वाचायचं, हिस्सा क्रमांकासकट, आणि मगच खूण करायची. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाच-सहा शब्द लिहून मी तो पडवीच्या खांबाला टांगला आहे. निर्भेळ म्हणजे एकच पीक. मिश्र म्हणजे दोन किंवा जास्त. चालू पड म्हणजे जमीन लागवडीची, पण औंदा ओस. कायम पड म्हणजे नेहमीचीच ओस. पोटखराब म्हणजे जमिनीतला लागवडीस न येणारा तुकडा, आमच्या भाषेत कातळ. वेळ लागतो. एका माणसाला मी दहा मिनिटांत मोकळा करायचो, आता पाऊण तास जातो. काही मंडळी कंटाळून यायची बंदही झाली, "मास्तर हल्ली काम करत नाय" म्हणून.

२०२४ पासून ॲप पुन्हा बदललं आहे. आता फोटो जमिनीवर जाऊनच काढावा लागतो. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या नोंदी करायला गावोगाव सहायकही नेमले आहेत. ते चांगलंच झालं. ज्यांना दिसत नाही, चालवत नाही, त्यांना माणूसच लागतो, तिथे बटण काय करणार. त्याच वर्षी तलाठ्याचं नावही बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. आमच्या तोंडी मात्र तलाठीच राहणार, जसे गुंठे राहिले.

परवा वयनी येऊन बसल्या. ह्या वर्षी वरचा हिस्सा, खालचा हिस्सा, दोन्ही नोंदी त्यांनी स्वतः केल्या. खालच्या मळ्यात भात आहे. शेवटचं पान त्यांनी मला वाचून दाखवलं, शाळेत कविता म्हणतात तसं एका सुरात. मधे 'निर्भेळ' आला तिथे थांबल्या, पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही, आणि पुढे गेल्या.

मग म्हणाल्या, "गुरुजी, त्या पुठ्ठ्यावर 'औंदा' बरोबर लिवलास. पण 'पोटखराब'चा अक्षर बारीक झाला. खालच्या वाडीतल्या काकीक दिसणा नाय."

उद्या नवा पुठ्ठा लिहायला घेतो. असो. आपल्याकडे कुणी असं दुसऱ्याचं काम 'करून देणारं' असेल तर त्यांना हा लेख जरूर वाचायला द्या. चू.भू.द्या.घ्या.